काठावरचा माणूस

"म्हणजे जो बघतो, पण गुंतत नाही, तो. बरोबर ना महाराज?"

मौजगिरी गोसावी नदीच्या वळणाकडे बघत होते.

"की जो गुंतत नाही, आणि बघतही नाही, तो?"



नीळकंठशास्त्र्यांनी मांडीवरचं बाड सावरलं. अकरा वर्षं ते शब्दांचा कोश रचत होते. 'अ'पासून निघून 'त'पर्यंत आले होते आणि वाटेत एकाही शब्दानं त्यांची वाट अडवली नव्हती. हा शब्द मात्र आठ दिवस आडवा पडला होता. तटस्थ.

हस्त नक्षत्र चालू होतं. सकाळचं ऊन पडलं होतं, तरी नदीवरचं धुकं पुरतं गेलं नव्हतं. पलीकडचा काठ कधी दिसे, कधी नाहीसा होई. पाणी इतकं संथ होतं, की ते चाललंय की थांबलंय हे नीट बघितल्याशिवाय कळू नये.

गोसावी घाटाच्या वरच्या पायरीवर बसले होते. मान डावीकडे, नदी जिथून वळून येते त्या बाजूला. चाळीस वर्षं तिकडेच बघून त्यांची मान जरा त्या अंगाला कललीच होती. बाबा जेवायला बसले तरी ताटाकडे तिरके बघतात, असं गावात थट्टेनं म्हणत.

शास्त्र्यांना हे ठाऊक नव्हतं. एवढा मोठा विद्वान समोर बसलेला असताना हा माणूस तोंड फिरवून बसतो, याचा त्यांना आधी राग आला. मग त्यांना वाटलं, काही सिद्धी असेल.

"वाचून दाखवतो," ते म्हणाले. "ऐका. 'तटस्थ. तटावर, म्हणजे काठावर उभा असलेला. दोन पक्षांपैकी कोणाच्याही बाजूला नसलेला. उदासीन. त्रयस्थ.' पुढे प्रयोग दिलाय. 'भाऊ भांडत होते, तो तटस्थ राहिला.'"

"मग काय झालं?" गोसाव्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"त्या भावांचं."

"महाराज, ते उदाहरण आहे!"

"अस्सं... म्हणजे माहीत नाही."

शास्त्र्यांनी ओठ आवळले.

"दुसरा प्रयोग ऐका. 'घर जळत होतं आणि लोक तटस्थ उभे होते.'"

"हे लोक आणि मघाचा तो, एकाच जातीचे का?"

"शब्द तर तोच आहे."

"आणि माणसं?"

गोम नेमकी तिथंच होती. एकाला लोक शहाणा म्हणतात, दुसऱ्याला नालायक, आणि दोघांना शब्द एकच लावतात. कोशात एका ओळीत दोघांना बसवावं, तर ते एकमेकांकडे बघून दात खातात.

"तिथंच अडलंय," शास्त्री म्हणाले.

"शब्द अडलाय, का शास्त्रीबुवा अडलेत?"

वरच्या वळणावर एक खंड्या पाण्यात पडला आणि उडाला. त्याचे तरंग काठापर्यंत यायला फार वेळ लागला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" शास्त्र्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही. एका शब्दासाठी माणूस आठ दिवस घर सोडून हिंडत नाही. सांगा."

शास्त्र्यांनी बाड बाजूला ठेवलं. आणि सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण, मथुरा. नदीपल्याड, त्यांच्याच गावात दिलेली. चैत्रात तिचा नवरा गेला. जाताना त्यानं मोठ्या भावाला जवळ बोलावलं आणि म्हणाला, मागच्या दोन खोल्या आणि विहिरीकडचं परडं मथुरेला, ती असेपर्यंत. मथुरा तेव्हा चुलीपाशी काढा उकळत होती. खोलीत तिघंच होते. मरणारा, त्याचा भाऊ, आणि उशाशी बसलेले नीळकंठशास्त्री.

"आता तो भाऊ म्हणतो, असं काही बोलणंच झालं नाही," शास्त्री म्हणाले. "तिनं माहेरी जावं म्हणतो. माहेरी आहे कोण? मी. माझं घर म्हणजे पोथ्यांची कोठी आणि एक माजघर. ती म्हणते, मला तुझ्या घरात आश्रित व्हायचं नाही अण्णा, माझ्या घरात राहायचंय. उद्या गावाची सभा आहे. आणि तिथं मुख्य पंच मीच आहे."

"तुम्हाला पंच कोणी केलं?"

"तिच्या दिरानं. भर देवळात उठून म्हणाला, शास्त्रीबुवांइतका निःपक्षपाती माणूस पंचक्रोशीत नाही, त्यांची बहीण असली तरी मला त्यांचाच निवाडा मान्य."

गोसावी हसले. पहिल्यांदाच हसले, आणि तेही वळणाकडे बघूनच.

"दीर हुशार आहे हो."

"त्यात हुशारी कसली? माझी कीर्तीच तशी आहे. आजवर कोणाचीही बाजू घेतली नाही मी."

"बाई काय म्हणाली?"

"ती म्हणाली, अण्णा, तू ऐकलंयस, तू सांग. आता तुम्हीच बघा. मी पंच. पंचानं साक्ष द्यायची नसते. त्यातून सख्खी बहीण. मी तोंड उघडलं तर उभा जन्म जपलेलं नाव मातीत जाईल. न उघडावं, तर..."

तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. उत्तर न देताच ते कोशाच्या कामाचं निमित्त करून घरातून निघाले आणि खालच्या नावेच्या घाटानं अलीकडे आले होते; या घाटाला ते कधी आले नव्हते. अलीकडच्या काठानं आठ गावं फिरले, आठ पंडितांना भेटले. शब्दाचा खरा अर्थ हाती लागला की आपण काय करावं हेही आपोआप कळेल, असं त्यांना वाटत होतं. पंडितांची चूक अशीच असते. पाय भाजला तर ते आधी अग्नीची व्याख्या बघतात.

"मला एवढंच सांगा," शास्त्र्यांनी हात जोडले. "खरा तटस्थ कोण?"

...

पलीकडून हाक आली. धुक्यातून येताना ती जरा विस्कटली होती.

"बाबा हायत काऽऽऽ?"

"हाय रेऽऽऽ!" गोसाव्यांनी इकडून ओरडून सांगितलं.

"कोण आहे?" शास्त्र्यांनी विचारलं.

"सोमा कोळी. सांगड घेऊन यायचाय."

वाळल्या भोपळ्यांना बांबू बांधून केलेली ती सांगड पलीकडे पाण्यावर डुलत होती. वर एक माणूस बसे, आणि सोमा ती छातीनं लोटत पोहत येई. या घाटाला नाव नव्हती. तळाला खडक फार होते, ते नावेचा तळ फाडत.

"तो तुम्हाला का विचारतो?"

"विचारल्याशिवाय इथं कोणी पाण्यात उतरत नाही." गोसावी शांतपणे बोलत होते. "इथं ऊन असतं शास्त्रीबुवा, आणि वर डोंगरात पाऊस झालेला असतो. मग एकदम लोंढा येतो. पाण्यातल्याला तो दिसत नाही. त्याचं नाक पाण्याला लागलेलं. म्हणून एकानं काठावर उभं राहायचं आणि वळणाकडं बघायचं. आधी पाण्याचा रंग बदलतो. मग काटक्या येतात. मग फेस. फेस दिसला तर समजायचं, उशीर झाला."

"मग?"

"मग हे शिंग." त्यांनी मांडीजवळचं शिंग उचललं. "हे वाजलं की सोमा हातातलं सगळं सोडून मधला खडक गाठतो. पाणी उतरेपर्यंत तिथं चिकटून बसायचं."

शास्त्र्यांचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हीच की! काठावर उभा. पाण्याला शिवत नाही. या शब्दाचा मूर्तिमंत प्रयोग!"

"असेन. आमच्याकडं त्याला शब्द नाही. नुसतं 'बाबा हायत का' विचारतात." त्यांनी शिंगावरची धूळ झटकली. "एक रीत मात्र आहे. ज्याचं माणूस पाण्यात आहे, त्यानं काठावर उभं राहायचं नाही. मग तो कितीही शहाणा असो. पूर्वी गावातलेच पाळीनं उभे राहत. एका साली एका लोंढ्यात दोघं गेले. तेव्हा उभा राहिलेला वाईट माणूस नव्हता. त्याची बायको सांगडीवर होती, एवढंच... मी त्याच आठवड्यात वाटेनं चाललो होतो. त्यांनी विचारलं, बाबाजी, तुमचं या गावात कोणी आहे? म्हटलं, या जगातच कोणी नाही. मग म्हणाले, एक दिवस थांबा."

"किती वर्षं झाली?"

"चाळीस. अजून तो एक दिवस सरला नाही."

ते गुडघ्यावर हात टेकून जरा सरकले आणि शिंग शास्त्र्यांच्या हातात दिलं.

"आज तुम्ही उभे राहा."

"मी?"

"तुमचं पाण्यात कोणी आहे?"

"नाही."

"मग झालं. वळणाकडं बघा. सांगडीकडं बघू नका. सांगड आपली आपण येते."

नीळकंठशास्त्री उभे राहिले. त्यांना बरं वाटलं. अकरा वर्षं शब्दांकडे बघणाऱ्या माणसाला पाण्याकडे बघणं म्हणजे काय मोठंसं? त्यांनी उपरणं नीट केलं, पगडी सरळ केली आणि डावीकडे नजर लावली. जणू साऱ्या नदीचा निवाडा त्यांच्याकडे आला होता.

वळणावर ऊन आणि धुकं एकमेकांत मिसळत होतं. पाणी तिथून निघत होतं, चकाकत होतं आणि कुठंतरी हरवत होतं. बघता बघता शास्त्र्यांना वाटलं, पाणी थांबलंय आणि आपणच, घाटासकट, हळूहळू वर चाललो आहोत. मन अगदी हलकं झालं होतं. बहीण नाही, दीर नाही, सभा नाही. हाच तो अर्थ, त्यांना वाटलं. हाच. आता फक्त लिहायचा राहिला.

उजव्या बाजूनं पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. सांगड निघाली होती.

"अण्णाऽऽऽ!"

शास्त्र्यांनी वळून बघितलं.

धुक्यातून एक तांबडा ठिपका पुढे येत होता. विधवेचं आलवण. सांगडीवर मथुरा बसली होती. एका हातानं बांबू धरलेला, दुसरा हात उंच केलेला.

ही इथं कशी? एकटी? हिला पाण्याची भीती वाटते, लहानपणी विहिरीत पडली होती, तेव्हा आपणच उडी टाकली होती. केवढी वाळलीय. बांबू नीट धर म्हणावं. तो हात कशाला उंच करतेस, दोन्ही हातांनी धर ना मथे...

ते बघत राहिले. तिचा चेहरा अजून नीट दिसत नव्हता, तो दिसावा म्हणून डोळे ताणून बघत राहिले.

त्यांच्या हातातलं शिंग कोणीतरी हिसकावून घेतलं.

आणि ते वाजलं. समोरच्या डोंगरावर आदळून परत आलं तेव्हा दोनदा वाजल्यासारखं झालं. सोमानं मान वर केली नाही, कुठं काय म्हणून विचारलं नाही. सांगड आडवी घातली आणि मधल्या खडकाकडे हात मारायला लागला.

शास्त्र्यांनी आता वळणाकडे बघितलं. पाणी गढूळ तांबडं झालं होतं. काटक्या येऊन गेल्या होत्या. फेस येत होता.

"मथेऽऽऽ!"

सोमानं तिला खडकावर ओढलं आणि लोंढा आला. एक आख्खं उंबराचं झाड आडवं होऊन गेलं. सांगडीचे दोन भोपळे सुटून त्याच्यामागे गेले. खडकाचा वरचा हातभर भाग तेवढा उरला, आणि त्यावर एकमेकांना धरून बसलेली दोन माणसं.

शास्त्री पायरीवर मटकन बसले. कोशात 'अ'पासून 'त'पर्यंतचा एकही शब्द त्या वेळी कामाचा नव्हता.

किती वेळ गेला... नदी गर्जत होती आणि वर ऊन तसंच पडलं होतं, पिवळं, उबदार, जसं काही झालंच नाही.

"तुम्ही बघत होतात," शास्त्री शेवटी म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता. "माझ्यामागे बसून तुम्ही वळणाकडेच बघत होतात. मग मला का उभं केलंत?"

"तू विचारलंस म्हणून."

"ती येतेय हे माहीत होतं तुम्हाला?"

"नाही." गोसाव्यांनी शिंग पुसून मांडीजवळ ठेवलं. "कोणीतरी येतंच रे."

...

ऊन कललं तेव्हा पाणी उतरलं. सोमानं उरलेल्या भोपळ्यांवर सांगड पुन्हा आवळली आणि मथुरेला अलीकडे आणलं.

ती नखशिखांत भिजली होती आणि थरथरत होती. भावाला बघून ती रडली नाही. तिनं आधी गोसाव्यांना नमस्कार केला.

"एकटी कशाला आलीस?" शास्त्री ओरडले. ओरडताना त्यांचे हात मात्र स्वतःचं उपरणं तिच्या खांद्यावर घालत होते. "मी आज येतच होतो ना? या घाटानं येतोय अशी चिठ्ठी पाठवली होती!"

"घरी आलास की चार माणसं असतात, अण्णा. त्यांच्यासमोर तू शास्त्रीबुवा असतोस." तिचे दात वाजत होते. "मला इथंच विचारायचंय. उद्या बोलणार आहेस का?"

शास्त्र्यांनी खाली बघितलं.

"नसशील तर नाही म्हण. मी रागावणार नाही. पण नुसता गप्प राहू नकोस. आठ दिवस मी तुझ्या गप्प राहण्याकडं बघत बसलेय. ते भाऊजींपेक्षा वाईट आहे."

पाणी खळखळत होतं. सोमा भोपळ्यांच्या गाठी पुन्हा पुन्हा ओढून बघत होता, त्याची गरज नसताना.

"लोक म्हणतील, बहिणीच्या बाजूनं बोलला," शास्त्री पुटपुटले. ते हे तिला सांगत नव्हते. गोसाव्यांना सांगत होते.

"म्हणतील," गोसावी म्हणाले.

"म्हणतील, पंच असून..."

"कोण पंच?"

शास्त्र्यांनी वर बघितलं. गोसाव्यांची मान वळणाकडेच होती.

मग नीळकंठशास्त्र्यांनी पगडी काढली. त्यांच्या डोक्यावर पगडीची गोल खूण पडलेली होती, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला.

"मथे, उद्या मी पंचांच्या ओट्यावर बसणार नाही. खाली उभा राहीन. तुझ्या शेजारी. जे कानांनी ऐकलंय ते सांगेन. त्यांना खरं वाटो, खोटं वाटो."

मथुरेनं मान हलवली. आता कुठं तिचे डोळे भरून आले.

"पण मग ओट्यावर कोण बसेल?" शास्त्र्यांना तरीही काळजी होतीच.

"ज्याचं पाण्यात कोणी नाही असा," गोसावी म्हणाले. "शोधा गावात. सापडतो. नाही सापडला तर वाटेवर बघा, कोणीतरी जात असतो." मग त्यांनी मथुरेला विचारलं, "माई, तुझ्या भावाला पोहता येतं का?"

"माझ्या लहानपणी यायचं."

"सांगडीवर माणूस एकच बसतं. दोन भोपळेही कमी झालेत."

शास्त्र्यांनी बाड मथुरेच्या मांडीवर दिलं. त्यांनी धोतराचा काचा मारला, पाय पाण्यात घातला आणि तोंडातून 'हाऽऽ' असा आवाज काढला, कारण पाणी फार गार होतं. सोमानं त्यांना बांबूची दुसरी बाजू दाखवली. तिघं निघाली.

मधल्या खडकापाशी येईपर्यंत शास्त्र्यांना दम लागला. नाकातोंडात पाणी गेलं होतं. चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसतं तांबूस, चकाकणारं पाणी. वर मथुरा एका हातानं बाड आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरून बसली होती.

घाटावर संध्याकाळचं धुकं उतरायला लागलं होतं. त्यात वरच्या पायरीवरची ती आकृती मात्र अजून दिसत होती. शास्त्र्यांना एकाएकी भरून आलं.

"बाबाऽऽ!" ते ओरडले. "आशीर्वाद असू द्याऽऽ!"

ती मान या बाजूला वळली नाही.

"आशीर्वाद द्यायला तुझ्याकडं बघावं लागेल," पाण्यावरून आवाज आला. "हात मार!"